पायजम्यासाठी उघडलेला डबा

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. पटकीच्या साथीसाठी सरकारने आमच्या गल्लीला दिलेला ब्लीचिंग पावडरचा सीलबंद डबा मी फोडला. कशासाठी, तर नवऱ्याच्या पायजम्यावरचा वरणाचा डाग काढायला. उलथन्याने फोडला. त्या डब्याच्या भरवशावर माझ्या शेजारणीचा जीव होता, तिच्या पोटातल्याचाही होता. हे मला फोडताना कळलं नाही आणि कळलं तेव्हा कळून उपयोग नव्हता.

हे मी मराठीत लिहिते आहे त्याला कारण आहे. आमच्या दिलसुखनगरच्या घरातली दोन नातवंडं एका वाक्यात तीन भाषा बोलतात, पण मराठी अक्षर समोर आलं की, "आजी, पढ के सुनाओ ना," म्हणतात. म्हणजे हा कागद त्यांच्या टेबलावर उघडा टाकला तरी धोका नाही. लबाडपणा माझा काही आजचा नाही.

घरात कुठलीही बाटली, पुडी, डबा आला की मी आधी हुंगते. मागे साथीत हात चोळायच्या बाटल्या घरोघर आल्या तेव्हा नातवाने त्या, गोळ्या, ताप बघायचं यंत्र, सगळं एका खोक्यात भरून कपाटावर ठेवलं. "आजी, अब अपन रेडी हैं!" मी स्टूल ओढून वर चढले आणि एकेक बूच उघडून हुंगायला लागले. "आजीला चढणार बघ आता!" म्हणत दोघं हसून लोळली. मीही हसले. त्यांनी कारण विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती.

तर, राज्य तुटायच्या वर्षाची गोष्ट. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि आम्ही शहरासकट तेलुगू मुलखात. आमचे 'अहो' आरोग्य खात्यात कारकून होते. मी त्यांना जन्मभर अहोच म्हटलं, इथेही तेवढंच लिहीन. खात्यातल्या माणसांची वाटणी चालली होती, कपाटांची चालली होती, फायलींची तर विचारूच नका. तीन रंगांच्या फिती आणल्या होत्या म्हणे, आणि संध्याकाळी घरी आले की अहोंच्या बोटांना तिन्ही रंग लागलेले असायचे. आम्ही इथेच राहणार होतो. पण निम्मी ओळखीची माणसं औरंगाबाद, परभणी, नांदेडकडे निघाली होती, आणि आठवड्याला एक निरोपसमारंभ.

आम्ही सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत राहायचो. बारा घरं आणि मधोमध एक विहीर. नळ होता, पण उन्हाळ्यात त्याला करंगळीएवढी धार, तीही लहरीवर. खरा आधार विहिरीचा. तेव्हा माझं वय एकोणीस, शिक्षण सातवी पास, आणि अक्कल... ती पुढे दिसेलच. पण सातवी पास बाई त्या गल्लीत मी एकटी, आणि नवरा आरोग्य खात्यात. एवढ्या भांडवलावर आमच्या भागाचे आरोग्य इन्स्पेक्टर एक दिवस तो डबा घेऊन माझ्या ओट्यावर हजर झाले. परभणीकडचे गृहस्थ, मला वहिनी म्हणायचे.

"वहिनी, साथ आली तर मी येईपर्यंत थांबायचं नाही. गल्लीची जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नाव घातलंय मी रजिस्टरात."

जबाबदार व्यक्ती! मी पदर सावरून सही केली. एवढी वळणदार सही मी लग्नाच्या कागदावरसुद्धा केली नव्हती. त्यांनी गाठी मारलेला दोर विहिरीत सोडून दाखवला, किती गाठी भिजल्या की किती डाव पावडर, ते शिकवलं. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत सोडून बादली वर-खाली हलवायची, आणि रात्रभर कोणी पाणी शेंदायचं नाही. डबा कोरड्या जागी ठेवायचा. साथीशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. शेवटी म्हणाले, "आणि वहिनी, उघडल्यावर डोळ्यांत पाणी आलं पाहिजे हं. नाही आलं तर औषध मेलं समजा."

मला हसू फुटलं. औषध मरतं! मी चहाचं आधण बघायला आत पळाले.

साथ आली नव्हती. मला वाटतं काही महिने डबा फळीवर नुसता बसून होता आणि माझं कौतुक वाढवत होता. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला मी तो दाखवायची. मग आमच्या खात्याचा मोठा निरोपसमारंभ ठरला. फोटोग्राफर येणार होता. अहोंची काळी शेरवानी झकास होती, पण खालचा पांढरा पायजमा आधीच्या आठवड्यातल्या निरोपाच्या पंगतीत वरणाने माखलेला. धोब्याने हात टेकले. मला आठवलं की शिकवताना इन्स्पेक्टरांच्या बाहीवर पावडर उडाली होती आणि तेवढा भाग पांढराफेक झाला होता. हे मात्र माझ्या बरोबर लक्षात राहिलं!

झाकण निघेना. उलथनं घातलं, जोर केला, झाकण उडालं आणि डब्याची कड वाकली. असा भपकारा आला की मी न्हाणीघरात डोळे चोळत बसले. तेव्हा औषध जिवंत होतं, हे नोंदवून ठेवते. वाटीभर काढलं, पायजम्याला चोपडलं. डाग गेला. डागाबरोबर कापडही गेलं. पोटरीवर रुपयाएवढं भोक.

तो फोटो अजून आहे. पुढच्या रांगेत जाणारे साहेब हारांखाली बुडालेत, मागे बाकीचे उभे, आणि डाव्या टोकाला एका मोठ्या कुंडीमागे उभा असलेला एकच कारकून. आयत्या वेळी कुंडी त्यांनीच ओढून आणली होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "राज्याचे तीन तुकडे झाले, पायजम्याला एकच भोक पडलं, नशीब समज."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता वाकड्या कडेवर झाकण काही बसेना, म्हणून मी त्यावर जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं आणि कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून डबा न्हाणीघरात बंबामागे सरकवला. घरातली सगळ्यात ओली आणि सगळ्यात गरम जागा. सातवी पास.

इन्स्पेक्टर परभणीकडे गेले. जाताना दारात उभे राहून, "डबा ठीक आहे ना वहिनी?" विचारून गेले, आणि मी, "हो भाऊजी, अगदी," म्हटलं. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. अहोंनी दोनदा विचारलं. त्या जागेचा कागद चुकीच्या फितीत बांधला जाऊन औरंगाबादेला पोचला होता.

आता शेजारीण. भिंतीला भिंत लागून तेलुगू घर होतं. सासू, मुलगा, सून. मुलगा सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात होता. सून माझ्याच वयाची. ती मला वदिना म्हणायची, म्हणजे वहिनी, आणि मीही तिला वदिनाच म्हणायची, त्यामुळे आमच्यात मोठं कोण ते कधी ठरलं नाही. तिच्या सासूला ती अत्तम्मा म्हणायची म्हणून मीही अत्तम्माच म्हणे. सासू-सुनांशी माझं बोलणं दखनी उर्दूत चाले, तिन्ही तोंडांतून मोडूनतोडून. वदिनाला मराठी दोन वाक्यं येत. एक "जेवलात का" आणि दुसरं "पुरे झालं". दोन्ही ती माझ्या अहोंना ऐकवायची आणि पळून जायची.

वदिनाला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस गेले होते. अत्तम्मा तर हवेवर चालत होती. सुनेला जड उचलू देत नसे, उन्हात बसू देत नसे, आणि तिच्या पिण्याचं पाणी रोज सकाळी पितळी बिंद्यात, म्हणजे हंड्यात, खळखळा उकळायची, जिऱ्याचे चार दाणे टाकून, मग मातीच्या घागरीत निववायची. हा तिचा नेम एक दिवस चुकला नव्हता.

उन्हाळ्याच्या शेवटी बातम्या यायला लागल्या. नदीपलीकडे हैजा, म्हणजे पटकी, मग मलकपेठेकडे हैजा. तिकडे लसीच्या सुया टोचायची गाडी फिरली. आमच्याकडे फिरली नाही. अहोंनी कचेरीत चौकशी केली, तेव्हा यादीच दाखवली त्यांना. आमच्या गल्लीपुढे लिहिलं होतं, 'औषध उपलब्ध. जबाबदार व्यक्ती हजर.' ज्या गल्ल्यांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं तिकडे गाडी आधी जाणार होती. बरोबरच होतं. कागदावर आम्ही तयार होतो.

मी डबा काढला. आत पांढरी ओलसर ढेकळं झाली होती. वास जवळजवळ नाही. डोळे कोरडे. तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी त्या मुलीला इन्स्पेक्टरांचं वाक्य आठवलं असेल. आठवलं. खोटं का बोलू, आठवलं. पण तिने स्वतःला सांगितलं की आपल्याला आता वासाची सवय झाली. सात-आठ महिन्यांपूर्वी एकदा हुंगलं आणि म्हणे सवय झाली! ढेकळं खलबत्त्यात कुटली, गाठी मोजल्या, वर दोन डाव जास्तच टाकले आणि कमरेला पदर खोचून बादली वर-खाली केली. सगळी गल्ली ओट्यांवर उभी राहून बघत होती. त्या संध्याकाळइतका मान मला पुढे कधी मिळाला नाही.

सकाळी बायका पाणी भरायला आल्या. एरवी, इन्स्पेक्टर स्वतः औषध टाकायचे तेव्हा दोन दिवस ओरड चालायची, पाण्याला वास मारतो, भाताला वास मारतो. यावेळी तक्रारीचं नाव नाही. कोपऱ्यावरची म्हातारी म्हणाली, "हात हलका है इसका." मी फुगले. वास येत नाही, ही माझ्या हाताची सफाई वाटली मला.

आणि त्याच सकाळी मी वदिनाच्या घरात गेले तर अत्तम्मा पाणी उकळत होती. खोलीत धूर, वदिना सातव्या महिन्याचं पोट घेऊन खोकतेय. मला राग आला. लपवत नाही, रागच आला. एवढं मी औषध टाकलं, सरकारी औषध, आणि ही बाई त्याच्यावर भरवसा न ठेवता लाकडं जाळतेय!

"अत्तम्मा, कायकू उबालते? दवा डाली ना मैं."

"नेम है अम्मा. सात महिने से."

"सात महिने दवा नै थी. अब है. सरकारी दवा पे बी भरोसा नै? और ये देखो, कैसा खांस रही तुम्हारी बहू, धुएँ से."

वदिना हसून म्हणाली, "पुरे झालं." अगदी मराठीत. अत्तम्माकडे बघून म्हणाली.

अत्तम्माने माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. मग चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि त्यांवर पाणी शिंपडलं. मला आजही ती लाकडं फुसफुसताना ऐकू येतात. मी जिंकल्यासारखी घरी आले आणि पोहे केले.

चौथ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून अत्तम्माची हाक आली. मी गेले तोवर वदिनाला पाच-सहा वेळा झालं होतं, तांदळाच्या धुवणासारखं. उलट्या थांबत नव्हत्या. दुपार व्हायच्या आत तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली, आवाज गेला. तिच्या नवऱ्याने रिक्षा आणली. एका बाजूने अत्तम्मा, एका बाजूने मी, मध्ये ती. साथीच्या दवाखान्यात व्हरांड्यातसुद्धा खाटा होत्या. सलाईनच्या बाटल्या होत्या, पण थोड्या. आणखी पेट्या यायच्या होत्या, त्या कोणत्या गोदामातून आणि कोणाच्या सहीने, यावर दोन माणसं दाराशी उभी राहून वाद घालत होती. दोघंही बरोबर बोलत होते. नवीन सहीचा माणूस अजून रुजू झाला नव्हता आणि जुन्या सहीचा गेला होता. शेवटी एक बाटली तिला लागली. उशिरा लागली.

ती मला ओळखत होती. ओठ हलवून म्हणाली, "वदिना, नीळ्ळु." पाणी. मी चमच्याने पाजलं. दवाखान्याचं, उकळलेलं.

ऊन उतरायच्या आत ती गेली. पोटातलं तिच्या आधीच गेलं होतं, असं नर्सने सांगितलं. गल्लीत आणखी दोघं आजारी पडले, ते वाचले. आम्ही दोघं, मी आणि अहो, त्याच विहिरीचं पाणी पीत होतो, आम्हाला काही म्हणजे काही झालं नाही. साधं पोट दुखलं नाही. मी वाट बघत होते.

त्यानंतर दोन दिवसांनी सुयांची गाडी आली. तिच्याबरोबर नवा इन्स्पेक्टरही आला. त्याने डबा मागितला, फडकं सोडलं, नाक जवळ नेलं आणि चिमूटभर पावडर माझ्यासमोर फुंकली.

"बाई, ये दवा नै, चूना है. दीवार को लगाओ. सील कौन तोड्या इसका?"

माझ्या तोंडून निघालं, "ऐसाच आया था."

त्याने तसं लिहून घेतलं. पूर्वीच्या इन्स्पेक्टराने निकामी माल दिला. परभणीला खुलासा मागणारं पत्र जाणार होतं, आणि त्याची नक्कल करायचं काम ज्या टेबलावर आलं ते टेबल अहोंचं होतं. ते घरी आले, शेरवानी खुंटीला लावली आणि ओट्यावर बसून राहिले. मी म्हटलं, मी जाऊन खरं सांगते.

"सांगितलंस तर काय होईल?" ते म्हणाले. "आमची ज्येष्ठतेची यादी अजून लागायची आहे. सरकारी मालाची अफरातफर माझ्या नावावर बसेल. ती परत येणार आहे का?"

मी गेले नाही. ते वाईट नव्हते. भित्रे होते, आणि माझ्यासारखेच आयुष्यभर याच शहरात राहणार होते. पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं की नाही, मी कधी विचारलं नाही. दारात उभं राहून, "डबा ठीक आहे ना वहिनी?" म्हणणारा तो माणूस, त्याच्या सर्व्हिस बुकात माझा पायजमा लिहिला गेला.

अहो मला समजवायचे, अगं तिने बाहेर काही खाल्लं असेल, कापलेलं फळ, उसाचा रस. ही समजूत मी वर्षानुवर्षं तोंडात घोळवून पाहिली. विरघळत नाही ती. घराबाहेर ती गेलीच नव्हती, तिची सासू तिला उंबरा ओलांडू देत नव्हती.

पावसाळा सरला. अत्तम्माचा मुलगा पुन्हा दुकानात जायला लागला. मी भिंतीपलीकडे गेलेच नाही. मग एक दिवस सकाळी भिंतीवरून धूर आला. लाकडाचा धूर, जिऱ्याचा वास. मला कळेना, आता कोणासाठी. मी उठले आणि चपला न घालताच गेले.

अत्तम्मा चुलीपाशी बसली होती. बिंद्यात पाणी खळखळत होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि सगळं सांगितलं. पायजमा सांगितला, उलथनं सांगितलं, बंब सांगितला. ढेकळं, कोरडे डोळे, इन्स्पेक्टरांचं वाक्य, माझं खोटं. दखनी शब्द संपले तिथे मराठीत सांगितलं. तिने एकदाही मध्ये तोडलं नाही. लाकूड पुढे सरकवत राहिली. मला वाटत होतं ती मारेल. मला ते हवं होतं. निदान शिव्या तरी देईल, तेलुगूत, मला न कळणाऱ्या.

ती उठली. घागरीवरचं झाकण काढून तिने लोटाभर पाणी घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.

"तुम बोले बोलके चुल्हा बुझाई मैं. अब कोई बी बोलनदेव, नै बुझाती. पीलेव, उबालके रखी हूँ."